प्रचंड संख्यांचे पहिले अंक: वाचकांच्या शंका

घातावर घात चढवून केलेल्या संख्यांविषयीचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. छपाईत घातांक एकावर एक रचणे अवघड जाते, म्हणून तीनचा पाचवा घात इथे ३^५ असा लिहिला आहे. ३^३^३ अशी साखळी वरून खाली सोडवायची असते: आधी वरचे ३^३ म्हणजे २७, मग ३^२७ म्हणजे ७६,२५,५९,७४,८४,९८७. खालून सुरुवात केली तर २७^३ म्हणजे फक्त १९,६८३ हाती येतात, आणि पुढचे सगळे गणित वाया जाते. एकच अंक चार वेळा रचला असेल तर त्याला आपण चार मजली मनोरा म्हणू.

प्रश्न: २^१००० ही संख्या पूर्ण न लिहिता तिचे पहिले पाच-सहा अंक काढता येतात का?

येतात, आणि तेही दोन ओळींत. २ चा दहाच्या पायावरचा लॉग, म्हणजे १० चा जो घात घेतला की २ मिळतात तो आकडा, ०.३०१०२९९९५६६… आहे. त्याला १००० ने गुणले की ३०१.०२९९९५६६… मिळतात. म्हणजे २^१००० ही संख्या १०^३०१ आणि १०^०.०२९९९५६६ यांचा गुणाकार झाली. यातला १०^३०१ फक्त दशांश चिन्ह सरकवतो, अंकांना हात लावत नाही. अंक सगळे दुसऱ्या भागातून येतात: १०^०.०२९९९५६६ = १.०७१५०८६… म्हणून २^१००० ची सुरुवात १०७१५०८ अशी होते आणि तिच्यात एकूण ३०२ अंक आहेत. ३०१ नव्हे. १०^१ मध्ये दोन अंक असतात, १०^२ मध्ये तीन, तसाच इथेही पूर्णांक भागात एक मिळवायचा. हा एक विसरणे ही या विषयातली सर्वांत नेहमीची चूक आहे.

लॉग टेबल हाताळलेल्यांना ही रीत ओळखीची वाटेल. एक गोष्ट मात्र मनात पक्की ठेवावी: पूर्णांक भाग संख्येची लांबी सांगतो आणि दशांश चिन्हानंतरचा भाग तिचे पहिले अंक सांगतो. पुढच्या सगळ्या उत्तरांत धडपड आहे ती या दुसऱ्या भागाला शाबूत ठेवण्याची.

प्रश्न: हीच रीत मी २^२१३६ वर वापरली. लॉग टेबलमधला ०.३०१० घेतला, तर उत्तर ८.६३ × १०^६४२ आले. संगणक मात्र १.०००१६ × १०^६४३ दाखवतो. पहिला अंकही चुकला आणि लांबीही. असे का?

०.३०१० हा खऱ्या लॉगपेक्षा सुमारे ०.००००३ ने कमी आहे. एवढीशी तूट, पण तुम्ही तिलाही २१३६ ने गुणलेत, आणि ती ०.०६४ झाली. घातांक जितका मोठा, तितक्या पटीने लॉगमधली चूक फुगते.

त्यात ही संख्या अवघड जागी बसली आहे. खरा गुणाकार ६४३.००००७०७… आहे, म्हणजे पूर्ण संख्येच्या जेमतेम पलीकडे. किंचित तूट आली तरी तो ६४२.९ च्या घरात घसरतो, आणि १०००१ ने सुरू होणारी संख्या ८ किंवा ९ ने सुरू झाल्यासारखी दिसते. अशा वेळी एकच उत्तर काढून थांबू नये. लॉगची दोन मूल्ये घ्या, एक खऱ्यापेक्षा नक्की कमी आणि एक नक्की जास्त. दोन्हींनी गणित करा आणि दोन्ही उत्तरांत जेवढे अंक जुळतात तेवढेच खरे माना. पहिल्याच अंकात फरक पडला तर दशांश स्थळे वाढवून पुन्हा करा.

प्रश्न: ३^३^३^३ चे पहिले दहा अंक हवे आहेत. कॅल्क्युलेटर एरर दाखवतो, स्प्रेडशीटही. काय करावे?

तुमची संख्या म्हणजे ३ चा ७६२५५९७४८४९८७ वा घात. स्प्रेडशीटमधला नेहमीचा संख्याप्रकार १०^३०८ च्या थोडे पुढे गेला की थांबतो, त्यामुळे संख्या थेट मागून उपयोग नाही. लॉग घ्यायचा. पण किती दशांश स्थळांपर्यंत, हा खरा प्रश्न आहे.

हिशेब असा. घातांक १३ अंकी आहे, म्हणून गुणाकार करताना लॉगची साधारण पहिली १३ स्थळे पूर्णांक भागात खर्ची पडतात. तुम्हाला दहा अंक हवेत, त्यासाठी आणखी दहा-अकरा स्थळे. शिवाय गोलाईसाठी दोन-तीन राखीव. म्हणजे किमान २६ स्थळे हवीत. ३ चा लॉग २७ स्थळांपर्यंत असा आहे:

०.४७७१२१२५४७१९६६२४३७२९५०२७९०३

याला घातांकाने गुणले की ३६३८३३४६४००२४.०९९६८५५७४६… येते. दशांश चिन्हानंतरचा भाग दहाचा घात म्हणून चढवला की १.२५८०१४२९०… तर ३^३^३^३ चे पहिले दहा अंक १२५८०१४२९० आणि एकूण अंक ३६,३८,३३,४६,४०,०२५, म्हणजे तीन लाख त्रेसष्ट हजार कोटींहून अधिक.

स्थळे कमी घेतली तर काय होते ते याच उदाहरणावर बघा. चार स्थळांचा ०.४७७१ घेतला तर अंकांची संख्याच सुमारे १६ कोटी २१ लाखांनी कमी येते. दहा स्थळांचा ०.४७७१२१२५४७ घेतला तर गुणाकार …३९८७४.१६ असा येतो, लांबी १५० अंकांनी चुकते आणि सुरुवात १.४५ अशी दिसते. हे उत्तर सर्वांत फसवे, कारण ते अगदी खऱ्यासारखे दिसते, आणि त्यातला एकही अंक चुकीचा वाटण्याचे कारण समोर नसते. पंधरा स्थळांवर लांबी बरोबर येते, पण सुरुवात १.२४८ अशी, म्हणजे पहिले दोनच अंक खरे. वीस स्थळांवर १.२५८०१४४० येते, तिथे पहिले सात अंक खरे ठरतात आणि आठवा चुकतो. दर वाढीव स्थळाला एक खरा अंक, इतका सरळ हा व्यवहार आहे.

स्प्रेडशीटमध्ये लॉग आणि घातांक यांचा गुणाकार करून बघाल तर एरर येणार नाही, पण भरवसाही ठेवता येणार नाही. नेहमीच्या संख्याप्रकारात १५-१६ सार्थ अंक (पहिल्या शून्येतर अंकापासून मोजलेले अंक) मावतात. त्यातले १३ पूर्णांक भागाने घेतले. साडेतीन लाख कोटींच्या पुढच्या या टप्प्यात साठवता येणाऱ्या दोन शेजारच्या संख्यांमध्ये १/२०४८ एवढे अंतर असते, म्हणजे दशांशाचे चौथे स्थळच डळमळते. त्यातून निघणाऱ्या उत्तराचे फार तर पहिले तीन अंक धरावेत.

पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा वापरत असाल तर हव्या तितक्या अंकांपर्यंत गणित करणारे एमपीमॅथ हे पॅकेज घ्या आणि अचूकता ४० अंकांवर ठेवा. तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिले, त्यातला ‘डीपीएस’ हा आकडा दशांश चिन्हानंतरची स्थळे मोजत नाही, एकूण सार्थ अंक मोजतो. पूर्णांक भागाचे १३ त्यातच धरायचे. दुसरे, अचूकता वाढवली तरी लॉग जर पायथॉनच्या साध्या ‘मॅथ’ मोड्यूलमधून घेतला तर तो १६ अंकीच राहतो, पुढे कितीही शून्ये जोडली तरी. तिसरे, लॉगचे मूल्य हाताने टाइप करणार असाल तर अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणून द्या. तसे न दिल्यास ते आधी साध्या संख्येत रूपांतरित होते आणि शेपटी तिथेच तुटते. शक्यतो टाइप करूच नका, लॉग पॅकेजकडूनच काढून घ्या.

पडताळा घ्यायचा तर तेच गणित एकदा ४० आणि एकदा ६० अंकी अचूकतेने करा आणि जुळणारे अंक ठेवा.

प्रश्न: लॉग न वापरता वर्ग करत गेलो, आणि दर पायरीला पहिले ३० अंक ठेवून बाकीचे टाकले, तर चालेल का? त्यात दशांश स्थळांची भानगडच नाही.

चालेल, आणि ही रीत सुंदरही आहे, पण भानगड चुकत नाही. एखादी संख्या किंचित चुकीची असेल तर तिच्या वर्गात सापेक्ष चूक दुप्पट होते. ७६२५५९७४८४९८७ हा घातांक गाठायला ४२ वेळा वर्ग करावा लागतो आणि मधूनमधून ३ ने गुणावे लागते. ४२ वेळा दुप्पट म्हणजे सुमारे ४.४ लाख कोटी पट. म्हणजे ३० अंकांतले १३ च्या आसपास अंक या रीतीतही हातचे जातात. लॉगच्या रीतीत हेच १३ अंक पूर्णांक भागाने घेतले होते. वाट बदलली तरी किंमत तीच राहते, कारण ती घातांकाच्या लांबीवर ठरते.

प्रश्न: मग आणखी स्थळे घेऊन पाच मजली मनोऱ्याचे, म्हणजे ३^३^३^३^३ चे, पहिले अंक का काढू नयेत? चार मजलीचे पहिले अंक तर आता माहीत आहेतच.

इथेच या विषयाचा गाभा आहे, म्हणून थोडे सावकाश बघू.

पाच मजली मनोऱ्यात घातांकाच्या जागी चार मजली मनोरा बसतो. त्याचे पहिले दहा किंवा दहा हजार अंक माहीत असून भागत नाही. घातांक एकाने जरी बदलला तरी संख्या तिप्पट होते: १२ ने सुरू होणारी संख्या ३६, ३७ किंवा ३८ ने सुरू होऊ लागते. म्हणजे मनोऱ्याचे पहिले अंक घातांकाच्या अगदी शेवटच्या, एककाच्या अंकावर अवलंबून आहेत. मधला कुठलाही अंक सोडून चालत नाही. म्हणून ३,६३,८३३ कोटींवर अंक असलेला तो घातांक एककापर्यंत अचूक हवा, आणि ३ चा लॉग तेवढ्याच स्थळांपर्यंत हवा, शिवाय हव्या त्या अंकांसाठी थोडी जास्त.

हे अशक्य आहे का? साठवणीच्या दृष्टीने नाही. तो घातांक द्विमान रूपात ठेवला तर सुमारे दीड टेराबाइट जागा लागते, लॉगला तेवढीच. तुलनेसाठी, २०२२ मध्ये π (पाय, ३.१४१५९…) या संख्येचे १०० लाख कोटी अंक मोजून झाले होते, आपल्याला ३.६ लाख कोटी हवेत. जागा गुणाकाराच्या मधल्या पायऱ्यांना कितीतरी जास्त लागेल, आणि एका बिटची चूक सगळे उत्तर बिघडवील. तरीही पाच मजली मनोरा आवाक्याच्या काठावर आहे, आवाक्याबाहेर नाही.

सहावा मजला मात्र बाहेर आहे, आणि तो चांगल्या यंत्रांनी आत येणार नाही. त्यासाठी लॉगची जितकी स्थळे लागतील तो आकडाच ३६,३८,३३,४६,४०,०२४ अंक लांब आहे. दृश्य विश्वातल्या अणूंची संख्या १०^८० च्या आसपास, म्हणजे ८१ अंकी धरतात. इतकी स्थळे लिहायला जागाच नाही.

पाच मजली मनोऱ्याविषयी एक गोष्ट मात्र आजच, हाताने सांगता येते. त्याचा लॉग म्हणजे चार मजली मनोरा गुणिले ०.४७७१२१…, आणि १.२५८०१४२९ × ०.४७७१२१२५ = ०.६००२२५३५… म्हणजे त्यात किती अंक आहेत हा आकडा ६००२२५३५ ने सुरू होतो. संख्येची लांबी कोणत्या अंकांनी सुरू होते हे कळते आणि ती संख्या स्वतः कोणत्या अंकांनी सुरू होते हे कळत नाही. दर मजल्याला असेच होते: एका पायरीने कमी विचारले की उत्तर सोपे.

ज्यांना प्रत्यक्ष गणित करून बघायचे आहे त्यांनी ३ सोडून इतर पाये घ्यावेत. २ चा पाच मजली मनोरा म्हणजे २^६५५३६, फक्त १९,७२९ अंकी. म्हणून २ च्या सहा मजली मनोऱ्याला लॉगची वीस हजारांच्या आतबाहेर स्थळे पुरतात. साध्या लॅपटॉपवर सहज होते आणि सुरुवात २१२००३८७२८ अशी येते. पायथॉनमध्ये हे करताना अचूकता आधी १९,८०० अंकांवर न्या, मग घातांक त्यात भरा. क्रम उलटा झाला तर घातांक आधीच गोल होऊन बसतो. आणि घातांक छापून बघायचा मोह टाळा: पायथॉनच्या नव्या आवृत्त्या ४३०० पेक्षा जास्त अंकांची पूर्ण संख्या मजकुरात बदलायला मुळातच नकार देतात, मर्यादा वाढवून दिल्याशिवाय.

चार मजली मनोऱ्यांसाठी घातांकाची लांबी अशी: ४ साठी १५५ अंक, ५ साठी २,१८५, ६ साठी ३६,३०६, ७ साठी ६,९५,९७५, ८ साठी १,५१,५१,३३६ आणि ९ साठी ३६,९६,९३,१०० अंक. तितकी स्थळे अधिक थोडी राखीव, एवढी लॉगची गरज. ७ पर्यंत काही अडचण नाही. ८ ला धीर लागतो. ९ ला नेहमीचे पॅकेज पुरत नाही, मोठ्या गुणाकारांसाठीच लिहिलेला प्रोग्रॅम लागतो.

प्रश्न: ९^९^९ चे पहिले अंक कॅल्क्युलेटरवर निघतील का?

निघतील, थोडे. ९ चा लॉग ०.९५४२४२५०९४३९३२४८७… आणि घातांक ३८,७४,२०,४८९. गुणाकार ३६९६९३०९९.६३१५७०… सुरुवात ४२८१२४७७३१, एकूण अंक ३६,९६,९३,१००. घातांक नऊ अंकी आहे, म्हणून १२ अंकी कॅल्क्युलेटरवर दोन-तीनच अंक भरवशाचे मिळतील.

प्रश्न: ग्रॅहॅमच्या संख्येचे शेवटचे दहा अंक २४६४१९५३८७ आहेत असे वाचले, पण पहिला अंक कुणालाच माहीत नाही म्हणतात. संख्या इतकी मोठी असताना एक टोक कळते आणि दुसरे नाही, हे कसे?

गणितज्ञ रोनाल्ड ग्रॅहॅम यांच्या नावाची ही संख्या १९७७ मध्ये मार्टिन गार्डनर यांच्या लेखामुळे सर्वदूर पोचली. तिचे स्वरूप तीनांचा मनोरा असेच आहे, फक्त मजल्यांची संख्या लिहिण्यासाठीही नवी चिन्हे लागतात.

शेवटचे अंक म्हणजे १०, १००, १००० ने भागल्यावरची बाकी. बाकीचा गुण असा की ती फिरून फिरून तीच येते. ३ चे घात १०० ने भागले तर दर २० घातांनी बाक्या पुन्हा तशाच येऊ लागतात. म्हणून घातांक कितीही मोठा असो, त्याला २० ने भागून उरते तेवढेच महत्त्वाचे. उदाहरणार्थ ७६२५५९७४८४९८७ ला २० ने भागले की ७ उरतात, ३^७ = २१८७, म्हणून ३^३^३^३ चे शेवटचे दोन अंक ८७. मनोरा वाढत जातो तसे शेवटचे अंक स्थिरावतात आणि मग वर कितीही मजले चढवा, ते हलत नाहीत. प्रचंड घातांक इथे लहान होतो. पहिल्या अंकांच्या बाबतीत घातांकाला असे लहान करणारे काही नाही, कारण ३ चा लॉग अपरिमेय आहे, म्हणजे दोन पूर्ण संख्यांच्या भागाकाराच्या रूपात तो मांडता येत नाही. ३ चा कुठलाही घात १० च्या कुठल्याही घाताइतका होऊ शकत नाही, पहिला विषम आणि दुसरा सम, म्हणून लॉगच्या अपूर्णांक भागांना आवर्तन नसते.

हा दोष संख्येचा नाही, दहाच्या पायाचा आहे. ग्रॅहॅमची संख्या तीनच्या पायावर लिहिली तर ती १ आणि पुढे नुसती शून्ये. तिचा घातांक ३ चाच घात असल्यामुळे विषम आहे, म्हणून नऊच्या पायावर तिचा पहिला अंक नक्की ३. तोच घातांक ३ ने भाग जाणारा, म्हणून सत्तावीसच्या पायावर पहिला अंक १. ही उत्तरे पूर्ण खात्रीची आहेत. दहाच्या पायावर मात्र पहिला अंक काढायची वाट सापडलेली नाही.

प्रश्न: मग निदान ‘पहिला अंक १ असण्याची शक्यता ३० टक्के’ असे म्हणावे का?

त्या एका संख्येविषयी म्हणू नये. तिचा पहिला अंक ठरलेला आहे, फक्त आपल्याला ठाऊक नाही. ३० टक्क्यांचा नियम एकामागून एक येणाऱ्या घातांचा आहे. २, ४, ८, १६… असे २ चे घात लिहीत गेलात तर दीर्घ पल्ल्यात ३०.१ टक्के १ ने सुरू होतात आणि फक्त ४.६ टक्के ९ ने. लॉगचे अपूर्णांक भाग ० ते १ मध्ये सारखे पसरतात म्हणून असे होते. गणितज्ञ हेर्मान वाइल यांनी १९१६ च्या निबंधात अशा समान वाटपाचा पाया घातला. सुरुवातीला वाट बघावी लागते: ७ ने सुरू होणारा पहिला घात २^४६ आणि ९ ने सुरू होणारा पहिला २^५३, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२.

प्रश्न: स्क्यूझची संख्या १०^१०^१०^३४ अशी देतात. तिचा पहिला अंक तर १ च झाला ना?

नाही. अविभाज्य संख्यांच्या अभ्यासात १९३३ मध्ये मांडलेली ती संख्या e^e^e^७९ आहे, जिथे e = २.७१८२८… e^७९ सुमारे २.०४ × १०^३४ होते. त्याला e च्या लॉगने, ०.४३४२९… ने, गुणले की ८.८५ × १०^३३, आणि हा आकडा ढोबळमानाने १०^३४ असा गोल करून मनोऱ्यात बसवलेला आहे. वरच्या मजल्यावर केलेली गोलाई खालच्या संख्येत किती फरक करते ते वर पाहिलेच. तिचे खरे पहिले अंक हवे असतील तर ८.८५ × १०^३३ स्थळांपर्यंतचा लॉग लागेल. १०^१०^१०^३४ मधला तो १ लिहिण्याच्या सोयीतून आलेला आहे, संख्येतून नव्हे.